दहा किलो चारशे बत्तीस ग्रॅम

मेस सेक्रेटरी ही पोस्ट कुणालाच नको असते. लेडीज हॉस्टेलच्या मीटिंगला मी फक्त पाच मिनिटं उशिरा पोचले, तेवढ्यात माझं नाव एकमताने मंजूर झालं होतं! कारण काय, तर "तुझं मॅथ्स चांगलं आहे. एम-थ्री पहिल्याच अटेम्प्टमध्ये काढलंस की!" आता एम-थ्री मधल्या लाप्लास ट्रान्सफॉर्मचा आणि साठ-पासष्ट मुलींच्या आमटी-भाकरीचा काय संबंध, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण मान डोलावली. त्या मान डोलावण्याची ही गोष्ट.

मॅथ्स चांगलं आहे हे खरं, पण ते इंग्रजीतलं. मी ठाण्याची. केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण आकडे आले की गाडी आपोआप इंग्रजीच्या रुळावर जाते. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९, यावर मी आजही दोन सेकंद थांबते. पुण्या-मुंबईत हे खपून जातं. भाजीवालाच "सिक्स्टी दे दो मॅडम" म्हणतो. सोलापुरात मात्र माझी रोज परीक्षा, आणि तीही तोंडी!

पहिल्याच आठवड्यात मेसच्या मावशींनी किराण्याची यादी सांगितली. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे त्या सांगतात आणि सेक्रेटरी लिहून घेते, ही आमच्या हॉस्टेलची जुनी पद्धत. "जिरं अदपाव लिव्ह पोरी. मोहरी पावशेर. आन् शेंगदाणं अडीच किलो, चटणी संपलीया." मी भराभर लिहून घेतलं. अदपाव म्हणजे अर्धा काहीतरी असणार, असं समजून मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून ऐटीत अर्धा किलो जिरं घेऊन आले. मावशींनी पिशवी हातात घेतली, उघडली, माझ्याकडं बघितलं आणि हसत हसत खालीच बसल्या. "आगं, सवाशे ग्रॅम सांगितलेलं की! येवढ्या जिऱ्यात वर्साचं गड्ड्याचं जेवान व्हईल!" त्या महिन्यात आम्ही जिरा राईस किती वेळा खाल्ला ते माझ्या रूममेट्सना विचारा.

हॉस्टेलच्या गादीवर घालायला चादर घ्यायला गेले, तिथंही तेच. सोलापूरची चादर, जी.आय. मिळालेली, म्हटलं घरच्यासाठीही दोन घेऊ. आईने घरच्या पलंगाचं माप सेंटीमीटरमध्ये पाठवलं होतं. दुकानदार म्हणाला, "साठ-नव्वद हाय बघा, सेंटीमीटर काय माहीत नाही." मोबाईल काढून गुणाकार केला. साठ इंच म्हणजे १५२ सेंटीमीटर आणि नव्वद इंच म्हणजे २२९. हिशेब होईपर्यंत त्याने दुसऱ्या गिऱ्हाईकाला चार चादरी विकल्या. शेजारी एक आजी लुगडं बघत होत्या. त्यांचं नऊ वारी. एक वार म्हणजे एक यार्ड, म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर, म्हणजे नऊवारी जवळजवळ सव्वाआठ मीटर. पण "सव्वाआठ मीटरी लुगडं दाखवा" असं म्हणणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

आणि आपण सिव्हिलवाले तरी कुठे सरळ आहोत? वर्गात सगळं एस.आय. युनिटमध्ये, पेपरात युनिट लिहिलं नाही तर अर्धा मार्क कट. साइटवर गेलं की वाळू ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सळई सुतात. आठ सुताचा एक इंच, म्हणून तीन सुती म्हणजे अंदाजे दहा एम.एम. जमीन गुंठ्यात, चाळीस गुंठ्यांचा एकर. गावातल्या यंत्रमागावर जा, तर तिथं सूत म्हणजे धागा आणि त्याचा काऊंट. वीस काऊंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या वीस लडी! मीटर आणि किलो आपल्याकडे राज्य करतात खरे, पण घरात त्यांना अजून कुणी जावई मानलेलं नाही.

असो. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पुढं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या मेसला संध्याकाळी ज्वारीची भाकरी असते. मावशी आणि त्यांच्या हाताखालच्या दोघी रोज नव्वदेक भाकऱ्या थापतात. ज्वारी मार्केट यार्डातून येते, मालदांडी. मावशींचं माहेर मंगळवेढ्याकडचं, त्यामुळे ज्वारी त्यांनी दातांखाली धरून पास केल्याशिवाय पोतं आत येत नाही. आलं की त्या ती पाखडतात, कोठीत भरतात, आणि दर दोन दिवसांनी मोजून गिरणीत पाठवतात. मोजतात कशानं? तर त्यांच्या स्वतःच्या, घरून आणलेल्या, लोखंडी पत्र्याच्या शेराच्या मापानं. काळंभोर, तळाशी थोडं चेपलेलं, कडेला पितळेची पट्टी. चार शेर म्हणजे एक पायली. त्याच्या अर्ध्याला मापटं म्हणतात आणि मापट्याच्या अर्ध्याला चिपटं. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी ज्वारीच्या हिशेबात कधी डोकं घातलं नव्हतं. मी मात्र एक्सेल शीट केली. मला वाटलं, आपण काहीतरी सिस्टिम आणतोय. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एक क्विंटल ज्वारी आली होती, पन्नास-पन्नासची दोन पोती. दोन रविवारी संध्याकाळी मेस बंद. म्हणजे बारा दिवस. मावशींना विचारलं, रोज किती लागते? "दोन पायल्या." आणि क्विंटल किती दिवस पुरली? "बारा दिस. काल कोठी झाडली."

दोन पायल्या गुणिले बारा, चोवीस पायल्या. चोवीस चोक शहाण्णव शेर. शेर म्हणजे किती, हे मी मोबाईलवर शोधलं. ऐंशी तोळ्यांचा एक शेर, ९३३ ग्रॅम. शहाण्णवला गुणलं. एकोणनव्वद किलो ५६८ ग्रॅम. शंभरातून वजा केले.

तूट, १० किलो ४३२ ग्रॅम.

मी तो सेल लाल केला. खरं सांगते, मला तेव्हा वाईट वगैरे काही वाटलं नाही. मला भारी वाटलं. काहीतरी सापडलं होतं! ग्रॅमपर्यंत!

मेस कमिटीची मीटिंग मेसच्या हॉलमध्येच असते. रेक्टर मॅडम, आम्ही सहा जणी, आणि जेवायला लवकर आलेल्या पंधरा-वीस मुली. मी लॅपटॉपवरून वाचून दाखवलं, "ज्वारीमध्ये बारा दिवसांत दहा किलो चारशे बत्तीस ग्रॅम शॉर्टेज आहे." मी कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती, ज्वारीला हात लावणारी माणसं तिघीच. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "घरी नेत असतील." कुणीतरी हसलं. मावशी किचनच्या दारात पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या.

त्या काहीच बोलल्या नाहीत. वाद नाही, रडणं नाही. त्यांनी राहिलेल्या भाकऱ्या थापल्या, आम्हाला वाढलं, भांडी आवरली. जाताना फळीवरचं ते माप काढलं, पदराने पुसलं, पिशवीत घातलं आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर हजर. मला बघून म्हणाल्या, "मॅडम, ज्वारी किती किलो काढू? तुम्ही सांगाल तेवढी काढते."

मित्र-मैत्रिणींनो, पहिल्या दिवसापासून मी त्यांची "पोरी" होते. जिऱ्याच्या दिवशीसुद्धा. हॉस्टेलमध्ये पहिल्या वर्षी ताप आला होता तेव्हा ह्याच बाईने मला कण्या करून खायला घातल्या होत्या. आणि आता "मॅडम". आणि "तुम्ही". ते "तुम्ही" माझ्या कानात दिवसभर वाजत राहिलं. पण तरी मी मनात म्हणाले, हिशेब तर हिशेब आहे. नंबर्स खोटं बोलत नाहीत. किती इंग्रजी वाक्य आहे हे!

ज्वारी मग मी वजनकाट्यावर मोजून द्यायला लागले. रोज दोन पायल्या म्हणजे माझ्या हिशेबाने ७ किलो ४६४ ग्रॅम, मी उदार होऊन साडेसात दिले. तर दोन्ही दिवस भाकऱ्या कमी पडल्या! शेवटच्या सात-आठ मुली भातावर उठल्या. तेव्हाच माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण नाही. मला वाटलं, मावशी मुद्दाम जाड भाकऱ्या थापत असतील. माणूस एकदा संशयाच्या रुळावर चढला की कसा घसरत जातो, हे मी स्वतःवरून सांगते आहे.

तिसऱ्या दिवशी गिरणीचं पंधरवड्याचं बिल द्यायला गेले. गिरणीत पिठाचा तो गरम वास, पट्ट्याचा खडखडाट, आणि पापण्यांपर्यंत पांढरे झालेले गिरणीवाले काका. त्यांनी तेलकट वही पुढं केली. आमच्या हॉस्टेलच्या नावाखाली सहा नोंदी होत्या. प्रत्येकीत १६ हा आकडा आणि त्याच्यापुढे काही उभ्या रेघा.

"हे काय काका?"

"किलो. काट्यावर बघून लिव्हतो मी."

सहा वेळा सोळा. शहाण्णव किलो.

मी तिथंच पिठाच्या डब्यावर बसले. माझ्या शीटप्रमाणे तर गिरणीत ८९ किलो ५६८ ग्रॅमच जायला हवी होती. तूट असती तर गिरणीत कमी जायला हवी, इथं साडेसहा किलो जास्तच पोचली होती! चोरी करणारी बाई हिशेबापेक्षा जास्त ज्वारी दळायला पाठवते होय?

रेघांचं मात्र कोडं सुटेना. गिरणीत गर्दी होती, काकांना परत विचारायची हिंमत झाली नाही. पानाचा फोटो काढला आणि ठाण्याला आजोबांना पाठवला. पाचच मिनिटांत त्यांचा फोन. "अगं, हे कुणाच्या वहीतलं? किती वर्षांनी बघितलं! एक रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन रेघा म्हणजे पाऊण. वाच आता. १६।, सव्वासोळा. १६॥, साडेसोळा. १६॥।, पावणेसतरा." मी वाचत गेले. सव्वासोळा, साडेसोळा, सव्वासोळा, साडेसोळा, पावणेसतरा, सव्वासोळा. माझी बेरीज होण्याआधी ऐंशीकडे झुकलेले आजोबा फोनवर म्हणाले, "साडेअठ्ठ्याण्णव."

त्यांना विचारलं, कसं जमलं इतक्या लवकर? म्हणाले, आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं पाठ करून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, आता एकदम शंभर. वजनमापांचा कायदा १९५६ चा, ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात यायला लागला आणि १९६२ पर्यंत शेर कायद्याने हद्दपार झाला. आजोबा म्हणाले, लोक तेव्हा वैतागले होते, पण बदल हवाच होता. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळत नसे. बंगाली मण सव्वासदतीस किलोच्या जरा वर आणि आपला मुंबईचा मण फक्त अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आत. नाव एकच, आणि माल तिपटीने कमी-जास्त! शेतकऱ्याला यात कुठे आणि किती लुबाडलं जात असेल याची कल्पना करा. तेव्हा किलोवर माझा राग नाही.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. दुकानात आपण आजही पावशेर म्हणतो आणि २५० ग्रॅम घेतो. म्हणजे दुकानातला पावशेर हा शेराचा पाव नाहीच, किलोचा पाव आहे. सराफाकडचा तोळा आता दहा ग्रॅमचा, मूळचा ११.६६ ग्रॅमचा. जुन्या शब्दांच्या डब्यांत आपण नवीन माल भरून ठेवला आणि लेबल तेच ठेवलं. त्यात माझ्यासारखी, जिला ना जुना माल माहीत ना लेबल नीट वाचता येत, ती मोबाईलवर "शेर म्हणजे किती ग्रॅम" असं शोधते आणि मिळेल ते उत्तर खरं धरते. मी शोधलेला शेर वजनाचा होता, ऐंशी तोळ्यांचा. मावशींचा शेर वजनाचा नाहीच! तो आकाराचा आहे. भांडं भरलं की शेर झाला. त्यात ज्वारी घाला, तांदूळ घाला, चुरमुरे घाला, प्रत्येकाचं वजन वेगळं.

आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही, हेच जास्त लागलं. आपण सगळ्या सिव्हिलवाल्यांनी काँक्रीट लॅबमध्ये बल्क डेन्सिटीची टेस्ट केली आहे. आय.एस. २३८६, भाग तीन. सिलिंडरमध्ये खडी तीन थरांत भरायची, सोळा एम.एम.च्या सळईने प्रत्येक थराला पंचवीस ठोके, वर आलेली खडी सळईने सपाट करायची, मग वजन. न ठोकता भरली तर वेगळं उत्तर, ठोकून भरली तर वेगळं. मला त्या जर्नलला दहापैकी नऊ मिळाले होते. लॅबमधून चालत पाच मिनिटांवर मेसचं किचन. तेवढ्या पाच मिनिटांत मी सगळं विसरले.

आमच्या सरांनी एकदा वर्गात युनिट्सची गोष्ट सांगितली होती. १९८३ च्या जुलैमध्ये कॅनडात एक बोईंग ७६७ हवेतच इंधन संपून बंद पडलं. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाकीत आधी किती आहे ते लिटरमध्ये मोजलं, मग त्याचं वजन काढताना पौंडाचा गुणक वापरला आणि आलेलं उत्तर किलो समजले. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं. वैमानिकाने ते ग्लायडरसारखं तरंगत गिम्ली नावाच्या गावातल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, कुणी दगावलं नाही. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. लिटरचं वजन करताना चुकीचा गुणक! इतकी साधी चूक! मी गिरणीतून हॉस्टेलवर चालत येताना मला तीच गोष्ट आठवत होती. ते लोक निदान घाईत होते. मला तर आख्खी रात्र मिळाली होती, एक्सेल सजवायला.

किचनमध्ये गेले. मावशी कांदा चिरत होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुमचं माप एकदा आणाल का? मला बघायचंय."

"कशाला मॅडम? काट्यावरच बरं हाय की."

दोन दिवस विनवण्या केल्यावर आणलं. मी काटा पुढं ओढला. आधी मी भरलं. कडेपर्यंत ज्वारी ओतली, लॅबमधल्या सवयीने हाताने वरून सपाट केली. ९१० ग्रॅम. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "सरका जरा." त्यांनी ओंजळीने ज्वारी घातली, माप भरलं, तरी थांबल्या नाहीत. वर निमुळता ढीग चढला, एकेक दाणा कडेवरून घरंगळायला लागला तेव्हा हात थांबला. १ किलो ३० ग्रॅम. ओतलं, पुन्हा भरलं. १ किलो २५. पुन्हा. १ किलो २५. काट्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"याला शीग म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "शिगेनं मोजायचं आस्तं. सपाट माप का कुनाला घालायचं? दारात आलेल्याला जोंधळं घालताना बी शीग लावून घालत्यात."

शहाण्णव शेर, प्रत्येकी एक किलो सव्वीस-सत्तावीस ग्रॅम धरले, की साडेअठ्ठ्याण्णव किलो. राहिले दीड किलो. दोन रिकामी बारदानं कोपऱ्यात पडली होती, ती काट्यावर टाकली. यार्डातलं वजन बारदानासकट होतं. बाकी पाखडलेले खडे आणि काडीकचरा. शंभरचा हिशेब शंभरला लागला. मी लाल केलेल्या त्या सेलमध्ये शून्य टाकलं.

किलोची व्याख्या २०१९ पासून प्लँकच्या स्थिरांकावरून करतात, पूर्वी फ्रान्समधल्या एका धातूच्या ठोकळ्यावरून करायचे, हे आम्ही फर्स्ट इयरला शिकलोय. मावशींचा शेर त्यांच्या हाताच्या सवयीवर आहे. पाच ग्रॅमचा फरक.

मी रेक्टर मॅडमना सांगितलं, मला मीटिंगमध्ये चूक दुरुस्त करायची आहे. त्या म्हणाल्या, "अगं जाऊ दे, विषय संपलाय, त्या कामावर येतायत ना?" मी म्हटलं, निदान रजिस्टरमध्ये लिहू दे. लिहिलं, "ज्वारीत कोणतीही तूट नव्हती. सेक्रेटरीच्या हिशेबात चूक होती." खाली सही केली आणि रजिस्टर घेऊन मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लिव्हलेलं मला वाचता येत न्हाई मॅडम. आन् त्या दिवशी तुमी लिव्हून दाखवलं नव्हतं, बोलून दाखवलं होतं. ज्यांनी ऐकलं त्यांच्यासमोर बोला."

त्याच रात्री, जेवणाच्या वेळी, सगळ्या ताटं घेऊन बसलेल्या असताना मी हॉलमध्ये उभी राहिले. स्टेजवर मी अँकरिंग करते, गॅदरिंगला हजार पोरांसमोर बोलते. पण त्या पासष्ट जणींसमोर माझे पाय लटपटत होते. मी सांगितलं. किती किलो आलं, किती दळलं, मी कुठं चुकले. इंग्रजी शब्द आपोआप तोंडात येत होते, ते गिळून मराठीत सांगितलं, कारण दारात उभ्या असलेल्या बाईला कळायला हवं होतं. शेवटी "मावशी, माझं चुकलं" म्हणाले. दोन क्षण सगळं शांत. "घरी नेत असतील" म्हणणारी कोण होती ते मला आजही माहीत नाही, पण दोन-तीन जणींनी ताटात खाली बघितलं. मग कुणीतरी म्हणालं, "मावशी, गरम भाकरी आहे का अजून?" आणि मावशी आत गेल्या.

माप मात्र त्यांनी परत मेसला आणलं नाही. आता आमच्याकडे स्टीलचा डबा आहे. त्याचं सपाट वजन मी स्केचपेनने बाहेर लिहून ठेवलंय, ज्वारीचं वेगळं, तांदळाचं वेगळं. गिरणीचा हिशेब मीही आता रेघांनीच लिहिते. नवी सेक्रेटरी माझी ज्युनिअर आहे, तिला शिकवताना सव्वा-दीड-अडीचवर मी अजून अडखळते, मग दोघी मिळून आजोबांना फोन लावतो.

एकदा धीर करून मी मावशींना विचारलंच, माप का नाही आणत? म्हणाल्या, "ते सासूचं हाय. लग्नात तेच माप वलांडून मी घरात आले. त्याला चोरीचं बोट लागलं, मग कसं आणू?" मला पुढं काही बोलता आलं नाही.

मे महिन्यात परीक्षा संपायच्या सुमाराला त्यांच्या मुलाचं लग्न झालं. कमिटीतल्या आम्ही चौघी गेलो होतो, आहेर म्हणून साठ-नव्वदची चादर घेऊन. वरात दारात आली. उंबऱ्यावर तेच काळं माप ठेवलेलं, पितळेची पट्टी घासून लखलखीत केलेली, आणि आत तांदूळ, वर चढत गेलेले, कडेवरून एकेक दाणा घरंगळतोय. नवरीने उजव्या पायाच्या अंगठ्याने माप लवंडलं आणि तांदूळ थेट आमच्या पायांपर्यंत सांडले. मावशी सुनेच्या मागे उभ्या होत्या. गर्दीत त्यांनी मला हुडकलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "शिगेनं भरलं होतं, बघितलं ना मॅडम?"